नकाशा दिसतो तसा नसतो!

मीटिंगमध्ये एक्सेलचा तक्ता दाखवा, चार जण मोबाइल काढतात. पाय चार्ट दाखवा, दोघं जांभया देतात. पण शहराचा नकाशा दाखवा, काही भाग हिरवे, काही पिवळे आणि मधोमध एक लालभडक डाग... अख्खी रूम गप्प! बॉस खुर्चीत पुढे सरकतो. ‘ओके, म्हणजे प्रॉब्लेम इथे आहे तर!’ असं जाहीर होतं. पुढच्या दहा मिनिटांत त्या लाल डागाचं भवितव्य ठरून जातं. तिथे नवं आउटलेट नको, तिथल्या लोकांना लोन देताना जरा जपून, तिथली डिलिव्हरी रात्री नऊनंतर बंद.

तक्त्याशी लोक भांडतात. नकाशाशी कुणी भांडत नाही, बॉस!

आणि हे फक्त ऑफिसपुरतं नाही. आठवतोय ना २०२० चा लॉकडाऊन? ३० एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशातल्या जिल्ह्यांना रंग वाटून टाकले होते. १३० जिल्हे रेड, २८४ ऑरेंज, ३१९ ग्रीन. कुणाचं दुकान उघडणार, कुणाची बस सुटणार आणि कुणाचा पगार लटकणार, हे त्या रंगांवर ठरत होतं. त्या दिवसांत आपण सगळे सकाळी चहाआधी नकाशा बघायचो. हा रंग नेमका कसा ठरला, हे विचारायचं मात्र फारसं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तर मंडळी, या कॉलममधून आपण साल्सा शिकलो, पॉटरी शिकलो, घरच्या घरी सुशीही वळून झाली. या वेळचा क्लास जरा हटके आहे. नकाशामागचे आकडे स्वतः तपासायला शिकायचं. फी शून्य रुपये. लागतो फक्त एक साधा लॅपटॉप आणि चार वीकेंड. मी मास कॉमवाली आहे, गणिताशी माझं नातं दहावीनंतर ‘जस्ट फ्रेंड्स’ एवढंच उरलं होतं. त्यामुळे घाबरायचं कारण नाही!

नाव फक्त ‘आर’

या सॉफ्टवेअरचं नाव आहे ‘आर’. बस्स, एकच अक्षर. आपल्याकडे गावाकडून हाक मारल्यासारखं वाटतं, पण याचा जन्म न्यूझीलंडमधला. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते लिहायला घेतलं. दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर आर. शिवाय त्याआधी बेल लॅब्जमध्ये तयार झालेल्या भाषेचं नाव होतं ‘एस’, म्हणून तिची थोडी गंमतही. १९९५ मध्ये त्यांनी ते ओपन सोर्स केलं. म्हणजे कुणीही घ्या, वापरा, आतला कोड वाचा, सुधारा, पुढे वाटा. पहिली पक्की आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० ला. वाढदिवस चार वर्षांतून एकदा, खर्च वाचला!

फुकट असणं हा भाग छानच आहे, पण खरी गोष्ट वेगळी आहे. कुणी आरमध्ये नकाशा केला, तर तो कसा केला ते ओळीओळीने लिहिलेलं असतं. कुठला आकडा घेतला, कशाने भागला, कुठे रंग बदलला, सगळं. माउसने क्लिक करत केलेल्या नकाशात ते दिसत नाही. आरची स्क्रिप्ट म्हणजे आजीच्या वहीतली रेसिपी. पदार्थ खारट झाला तर मीठ कुठल्या पायरीला पडलं, ते सापडतं.

नकाशांसाठी आरमध्ये ‘एसएफ’ नावाचं पॅकेज आहे. जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठाचे एडझर पेबेस्मा हे त्याचे मुख्य कर्ते. यातला फंडा एकदम सोपा आहे. नकाशा म्हणजे एक साधा तक्ता. दर ओळीला एक भाग, रकान्यांमध्ये त्याची माहिती, आणि शेवटच्या रकान्यात त्या भागाचा आकार. एक्सेल येतं ना? मग अर्धी लढाई जिंकलात.

धडा पहिला: भागिले किती?

एसएफ इन्स्टॉल केलं की त्याच्या पोटात एक नकाशा आपोआप येतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या १०० काउंटी. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, आकाराने बराच लहान. जगभरात आरमधून नकाशे शिकणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. आमच्या शनिवारच्या बॅचचीही सुरुवात इथूनच झाली. आम्ही सहा जण. एक बँकवाला, एक आर्किटेक्ट, एक एचआरवाली, दोन आयटीवाले आणि मी.

माहिती मात्र हलकीफुलकी नाही. १९७४ ते १९७८ या काळात प्रत्येक काउंटीत किती बाळं जन्मली, आणि त्यातली किती झोपेत अचानक दगावली. ठणठणीत बाळ, रात्री झोपवलेलं, सकाळी उठलंच नाही आणि तपास करूनही कारण सापडलं नाही, अशा मृत्यूंचा हा तक्ता आहे. प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे. म्हणूनच तो शिकायला चांगला आहे, असं आमचे सर म्हणाले. इथे ‘चलता है’ करता येत नाही.

पहिला नकाशा काढला, नुसत्या मृत्यूंचा. सगळ्यात गडद रंग मेक्लेनबर्ग काउंटीचा. ४४ मृत्यू.

“डेंजर आहे सर हा एरिया,” बँकवाला म्हणाला.

“थांबा जरा. तिथे जन्म किती झाले ते बघा की!”

बघितलं. २१,५८८. या काउंटीत शार्लट हे मोठं शहर आहे. माणसं जास्त, बाळं जास्त, म्हणून मृत्यूही जास्त. भागाकार केला तर हजार जन्मांमागे साधारण २ मृत्यू. पूर्ण राज्याची सरासरीही तेवढीच, हजारी २ च्या आसपास! म्हणजे आमचा ‘डेंजर एरिया’ अगदी नॉर्मल निघाला.

मग दुसरा नकाशा काढला, दराचा. गडद रंग सरकला आणि जाऊन बसला दक्षिणेच्या सीमेवरच्या अ‍ॅन्सन काउंटीवर. मेक्लेनबर्गहून मध्ये फक्त एक काउंटी सोडून. पहिल्या नकाशात तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. जन्म १,५७०, मृत्यू १५. हजारी साडेनऊ! राज्याच्या सरासरीच्या जवळजवळ पाचपट.

रूममध्ये दोन मिनिटं शांतता. पहिला नकाशा बघून कुणी डॉक्टर, औषधं, पैसा पाठवला असता, तर सगळं शार्लटला गेलं असतं. अ‍ॅन्सनला काहीच नाही.

शाळेतला अंश आणि छेद आठवतो? वर अंश, खाली छेद. छेद नसलेला नकाशा म्हणजे बहुतेक वेळा लोकसंख्येचाच नकाशा, फक्त मथळा वेगळा. ‘सर्वाधिक तक्रारी या भागातून’, ‘सर्वाधिक अपघात या रस्त्यावर’ अशा बातम्या वाचताना आधी हा प्रश्न विचारायचा: भागिले किती?

आणि आपल्याकडे याला आणखी एक ट्विस्ट आहे. आपला छेद कुठला? बहुतेक ठिकाणी २०११ च्या जनगणनेचा. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि मग नव्या जनगणनेसाठी २०२७ हे वर्ष जाहीर झालं. आता विचार करा, २०११ चं वाघोली किंवा हिंजवडी आणि त्यानंतर उभे राहिलेले ते टॉवर. वर आजच्या तक्रारी आणि खाली २०११ ची माणसं, असा भागाकार केला तर नव्याने वसलेली प्रत्येक वस्ती लालच दिसणार! तिथे काही बिघडलंय म्हणून नाही, छेद जुना आहे म्हणून.

धडा दुसरा: एकाच माणसाचे पाच स्टार

ऑनलाइन जेवण मागवताना आपण काय करतो? एका हॉटेलला ५ स्टार, पण रेटिंग देणारा एकच (बहुधा मालकाचा भाचा). दुसऱ्याला ४.३, पण देणारे दोन हजार. ऑर्डर कुठून करतो? दुसऱ्याकडून. हीच अक्कल नकाशा बघताना मात्र आपण बाहेर चपलांपाशी सोडून येतो.

नॉर्थ कॅरोलिनात अ‍ॅलेगनी नावाची छोटी काउंटी आहे. त्या काळात जन्म ४८७, मृत्यू शून्य. नकाशावर मस्त हिरवीगार. पण गंमत बघा. तिथे एक बाळ दगावलं असतं, तर दर झाला असता हजारी २, म्हणजे सरासरीएवढा. दोन दगावली असती, तर हजारी ४ च्या वर, म्हणजे लाल. एकेका बाळाच्या फरकाने हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल! सरासरी दराने तिथे साधारण एक मृत्यू अपेक्षित होता. आणि एक अपेक्षित असताना निव्वळ योगायोगाने शून्य येण्याची शक्यता शंभरात ३७ असते. म्हणजे तो हिरवा रंग बराचसा नशिबाचा भाग आहे.

अ‍ॅन्सनचं तसं नाही. तिथे अपेक्षित होते साधारण ३, झाले १५. एवढी मोठी उडी नशिबावर ढकलता येत नाही.

यावर आरमध्ये उपाय आहे. ‘एसपीडेप’ नावाच्या पॅकेजमध्ये असं गणित आहे, जे छोट्या भागांचे दर राज्याच्या किंवा शेजाऱ्यांच्या सरासरीकडे थोडे ओढून घेतं. जिथे आकडे लहान, तिथे जास्त ओढतं. जिथे आकडे मोठे, तिथे जवळजवळ हातच लावत नाही. नाव भारदस्त आहे, ‘एम्पिरिकल बेझ’. काम मात्र तेच, एका माणसाच्या पाच स्टारना जरा शांतपणे घेणं.

धडा तिसरा: शेजारधर्म

लाल भाग एकमेकांना चिकटून दिसले की आपण लगेच म्हणतो, ‘हॉटस्पॉट!’ पण माणसाच्या डोळ्याला ढगातही हत्ती दिसतो. मग हा गठ्ठा खरा की भास?

वाल्डो टोबलर नावाच्या भूगोलतज्ज्ञाने १९७० मध्ये एक साधी गोष्ट मांडली, ती आज भूगोलाचा पहिला नियम म्हणून ओळखली जाते. प्रत्येक गोष्टीचा इतर प्रत्येक गोष्टीशी काही ना काही संबंध असतो, पण जवळच्यांचा जास्त. फ्लॅटचं भाडं घ्या. शेजारच्या बिल्डिंगमध्ये ३० हजार चालू असेल, तर तुम्हाला १२ हजारांत मिळेल का? स्वप्नात!

हा शेजारधर्म किती पक्का आहे, हे मोजायला पॅट्रिक मोरान या संख्याशास्त्रज्ञाने १९५० मध्ये एक आकडा दिला. आज त्याला ‘मोरान्स आय’ म्हणतात. शेजारी शेजाऱ्यासारखा असेल तर आकडा एककडे झुकतो. उलटसुलट असेल, बुद्धिबळाच्या पटासारखा, तर उणेकडे. काहीच रचना नसेल तर शून्याच्या आसपास.

मला सगळ्यात आवडली ती याची परीक्षा. आरला सांगायचं, की हे सगळे दर पत्त्यांसारखे पिस आणि काउंट्यांना कसेही वाट. मग मोरानचा आकडा काढ. पुन्हा पिस, पुन्हा काढ. असं ९९९ वेळा. लॅपटॉपला याला चहाचा एक घोट घेण्याएवढाही वेळ लागत नाही. मग बघायचं, की खऱ्या नकाशाचा आकडा या ९९९ पिसलेल्या नकाशांच्या तुलनेत कुठे बसतो. सगळ्यांच्या वर असेल, तर गठ्ठा खरा. त्यांच्या गर्दीत हरवला, तर आपण ढगात हत्ती पाहत होतो.

पण त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. शेजारी म्हणायचं कुणाला? इथे बुद्धिबळ कामाला येतं. हत्तीच्या नियमाने ज्यांची पूर्ण कड लागते तेच शेजारी. वजिराच्या नियमाने नुसता कोपरा टेकला तरी चालतो. किंवा ठरावीक अंतरातले सगळे. आमची आर्किटेक्ट पटकन म्हणाली, “नदी मध्ये असेल तर?” बरोबर! नकाशावर दोन काठ एकमेकांना चिकटलेले असतात, पण पूल दोन किलोमीटरवर असेल तर कसले शेजारी? हे कॉम्प्युटर ठरवत नाही. त्या भागात पायी फिरलेला माणूस ठरवतो.

धडा चौथा: हद्द झाली!

आता सगळ्यात धक्कादायक धडा. १९७९ मध्ये ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंट्या घेतल्या. ज्येष्ठ नागरिकांचं प्रमाण आणि रिपब्लिकन पक्षाची मतं, या दोन गोष्टींचा एकमेकींशी किती संबंध आहे ते तपासलं. मग त्याच काउंट्या वेगवेगळ्या पद्धतीने एकत्र करून मोठे विभाग बनवले. माणसं तीच, मतं तीच, फक्त हद्दी बदलल्या. उत्तर जवळजवळ उणे एकपासून जवळजवळ अधिक एकपर्यंत कुठेही नेता आलं! म्हणजे ‘ज्येष्ठ जास्त तिथे रिपब्लिकन मतं जास्त’ हेही सिद्ध करता आलं आणि ‘कमी’ हेही.

२०२० चे ते झोन आता आठवून बघा. रंग जिल्ह्याला होता. पुणे जिल्ह्यात दाटीवाटीच्या पेठा आहेत आणि सह्याद्रीतल्या डोंगरकुशीतली गावंही. पूर्ण जिल्ह्याला एकच रंग लावला, तर पेठेतली गर्दी डोंगरावरच्या दुकानदाराचं शटर पाडणार. मंत्रालयाच्या त्याच पत्रात महापालिकेची हद्द आणि बाहेरचा भाग वेगळा धरायची सोय ठेवली होती, ती म्हणूनच. हद्द कुठे आखायची, हा तांत्रिक तपशील वाटतो. प्रत्यक्षात त्यावर कुणाची तरी चूल पेटणार की नाही, ते ठरतं.

ऑफिसातला आपला लाडका डेटा येतो पिनकोडनुसार. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. पत्र बिनचूक पोचावं म्हणून. ते काम त्याने झकास केलं. पण ४११०३८ म्हटलं की त्यात कोथरूडचे बंगलेही आले आणि वस्त्याही. ‘या पिनकोडचे लोक हप्ते थकवतात’ असं म्हणताना आपण पोस्टमनच्या सोयीच्या रेषेवरून माणसांचा स्वभाव ठरवत असतो. तिथल्या एखाद्या मुलीने आयुष्यात एकही हप्ता चुकवलेला नसतो, आणि तिला मात्र लोनसाठी जास्तीचे कागद मागितले जातात. भागाची सरासरी ही माणसाची ओळख नसते.

धडा पाचवा: रंग सांगतो ‘कुठे’, ‘का’ नाही

अ‍ॅन्सनमध्ये बाळं का दगावली? नकाशा गप्प. त्याच फाइलमध्ये गोऱ्या नसलेल्या बाळांच्या जन्मांचाही रकाना आहे, आणि तो नकाशा मृत्युदराच्या नकाशाशी बऱ्यापैकी जुळतो. घाईत कुणी यातून भलताच निष्कर्ष काढेल. पण वंश, गरिबी, दवाखान्याचं अंतर हे सगळं त्या राज्यात एकमेकांत गुंतलेलं. एका रंगातून ते सुटं होत नाही.

या मृत्यूंबद्दलचा मोठा धागा सापडला तो वेगळ्याच वाटेने, अनेक देशांत घराघरांतल्या बाळांची तुलना करून. बाळाला पोटावर झोपवणं धोक्याचं! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये तसं न करण्याचा सल्ला दिला, १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवायची देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. नकाशाने बोट दाखवलं. उत्तर शोधायला घरात जावं लागलं.

लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांची १८५४ ची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. सोहोमध्ये कॉलरा, नकाशावर मृत्यूंच्या खुणा, मधोमध ब्रॉड स्ट्रीटचा हातपंप. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. पण तो प्रसिद्ध नकाशा छापला गेला नंतर, १८५५ मध्ये! त्याआधी स्नो दारोदार फिरले होते. आणि त्यांना पटवलं ते नकाशात न बसणाऱ्यांनी. पंपाजवळच दारूची भट्टी होती. सत्तरहून जास्त कामगार, कॉलराने एकही मेला नाही. कारण ते कामावर मिळणारी बिअर प्यायचे. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसं, मृत्यू फक्त ५. कारण त्यांची स्वतःची विहीर होती. उलट दूर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई कॉलराने गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्याच पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते रोज गाडीने मागवायची.

‘हिस्टडेटा’ नावाच्या आरच्या पॅकेजमध्ये स्नो यांच्या नकाशाचा डेटा आहे. ५७८ मृत्यूंचे बिंदू आणि १३ पंप. एका शनिवारी आम्ही तो उघडला. प्रत्येक मृत्यूला सगळ्यात जवळचा पंप कुठला, हे आर पटापट काढून देतं. बिअर पिणारे कामगार मात्र त्यात कुठेच दिसत नाहीत. ते फक्त विचारल्यावर सापडतात.

चला, सुरू करू या!

पहिला वीकेंड: ‘क्रॅन’ या आरच्या अधिकृत भांडारातून आर घ्या आणि त्यावर आरस्टुडिओ बसवा. दोन्ही फुकट. इंग्रजीतली व्हिडिओ भाषणं जड वाटत असतील, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात आरचे छोटे छोटे धडे आहेत.

दुसरा वीकेंड: एसएफ घ्या आणि नॉर्थ कॅरोलिनाचे दोन नकाशे काढा. एक मृत्यूंचा, एक दराचा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाच मिनिटं नुसते बघा. ‘जिओकॉम्प्युटेशन विथ आर’ हे पुस्तक ऑनलाइन फुकट वाचता येतं, ते बाजूला उघडं ठेवा. एक सावधानतेचा इशारा: जुन्या धड्यांमध्ये आरजीडॅल, आरजीऑस, मॅपटूल्स ही पॅकेजेस दिसतील. ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्यांच्यामागे लागून डोकं फोडून घेऊ नका, एसएफवाला धडा शोधा.

तिसरा वीकेंड: अंतरं. नकाशाची फाइल बहुतेक वेळा अक्षांश-रेखांशात येते, आणि अंश म्हणजे मीटर नव्हे. एक अक्षांश साधारण १११ किलोमीटर, पुण्याजवळ एक रेखांश साधारण १०६. ‘मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरमधली घरं’ काढायची असतील, तर आधी नकाशा मीटरवाल्या पद्धतीत आणा. मुंबई-पुण्यासाठी यूटीएमचा झोन ४३ उत्तर, कोड ३२६४३. आणि कुणी ‘शेपफाइल’ पाठवली तर ती एक फाइल नसते, एकत्र कुटुंब असतं. तीन-चार फाइली सोबत आल्या नाहीत तर उघडत नाही.

चौथा वीकेंड: शेजारी आणि मोरान. टायपिंगचा कंटाळा येत असेल तर ल्यूक ॲन्सेलिन यांचं ‘जिओडा’ वापरून बघा. तेही फुकट, ओपन सोर्स, आणि माउसवर चालणारं. पत्ते पिसायचा खेळ तिथेही आहे.

या चार वीकेंडमध्ये तुम्ही काही डेटा सायंटिस्ट होणार नाही. पण एक नक्की होईल. बातमीत, प्रेझेंटेशनमध्ये किंवा फ्लॅट शोधताना कुणी एखाद्या भागाला लाल रंग फासला, की तुम्ही त्याच्याकडे मागाल, छेद कुठला, किती जणांवरून काढलं, हद्द कुणी आखली आणि तिथे कुणी जाऊन आलं का? उत्तर असेल तर उत्तम. नसेल तर तो नकाशा नाही, रंगपेटी आहे.

होमवर्क: आपल्या पिनकोडमध्ये कोण कोण राहतं, याची एक यादी करा. सोसायटी, चाळ, वस्ती, हॉस्टेल, सगळं. मग स्वतःलाच विचारा, या सगळ्यांना मिळून एकच रंग द्यायचा झाला, तर कुठला द्याल?